गाडीचे दात

सांगलीत दुकानात शिरण्याआधी ओळख काढावी लागते. हळद घ्यायची तर मार्केट यार्डात ओळख, सोनं घ्यायचं तर सराफाकडे ओळख, आणि भडंगासारख्या वस्तूलासुद्धा "माझं नाव सांग, ताजं देईल" म्हणणारा एक तरी भेटतोच. त्यामुळे आम्ही नवी गाडी घेणार ही बातमी फुटल्यावर माझ्याकडे ओळखींची रीघ लागली. ऑफिसातल्या एकाचा मेहुणा शोरूमच्या वर्कशॉपमध्ये. शेजारच्या काकांचा भाडेकरू फायनान्सवाला. बायकोच्या भिशीतल्या एका वहिनींच्या दिरांनी तिथूनच गाडी घेतलेली, आणि तिथला मॅनेजर म्हणे त्यांना अजून वाकून नमस्कार करतो.

मी सगळ्यांची नावं सांगितली. शोरूममधला टाय लावलेला पोरगा प्रत्येक नावाला "अरे वा, ते तर आपले खासच!" म्हणायचा आणि पाच हजार सोडायचा. पण तेच पाच हजार. ओळखी वाढल्या म्हणून त्यांचे दहा होईनात. शेवटी एका मित्राला मुद्दाम बिनओळखीचा पाठवला. त्याला सात सोडले.

वेळ मात्र नामी सापडली होती. 2025 चा सप्टेंबर. चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर 28 टक्के जीएसटी आणि वर 1 टक्का सेस होता, तो सगळा मिळून 18 टक्क्यांवर येणार असं सरकारनं जाहीर केलं. लागू होणार 22 तारखेपासून. गणपती 6 तारखेला गेले, पाठोपाठ पितृपक्ष बसला, आणि 22 ला नेमकी घटस्थापना. आईनं कालनिर्णय बघितलं आणि म्हणाली, "बघ, दिल्लीतल्या लोकांनासुद्धा पंचांग कळतंय. तू एकटाच पितृपक्षात गाड्या बघत फिरतोयस."

पण माझा हिशेब वेगळा होता. पितृपक्षात, त्यात कर उतरायच्या आधी, गाडी घ्यायला कोण येतंय? सांगली-मिरज रस्त्यावरच्या त्या भल्यामोठ्या काचेच्या शोरूममध्ये मी, बायको आणि एसी एवढेच. मशिनची कॉफी मागेल तेवढी. एरवी ज्या पोरांना मान वर करायला सवड नसते ती पोरं माझ्यासाठी गाडीचं दार उघडायला धावत होती. हेच घटस्थापनेनंतर गेलो असतो तर बसायला खुर्ची मिळाली नसती आणि भाव करायला माणूस. भाव पितृपक्षात ठरवावा आणि गाडी नवरात्रात आणावी, असं मी आईपुढे मांडलं. तिनं विचार करून निवाडा दिला: "बोलायला हरकत नाही. पैशाला हात लावायचा नाही."

शोरूमवाल्यांना गिऱ्हाइकाच्या सगळ्या सबबींवर उत्तरं शिकवलेली असतात, ह्या सबबीवर नसावीत. "सर, अकरा हजार टोकन फक्त, गाडी तुमच्या नावानं अडकवून ठेवतो," पोरगा म्हणाला. मी आईचा निवाडा सांगितला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "मग यूपीआय करा की सर. हात कुठं लागतोय?"

आता त्या कोटेशनविषयी. जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत. नव्या दरानं आमच्या गाडीची ती 8 लाख होणार होती. कागदाच्या तळाशी आकडा होता 9,72,100. मधल्या ओळी मी घरी चष्मा लावून वाचल्या. आरटीओचा टॅक्स 88,000. तो बरोबर होता, कारण महाराष्ट्रात 10 लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला 11 टक्के लागतात आणि तिथं कुणाचीच ओळख चालत नाही. फास्टॅग 600, ठीक. इन्शुरन्स 42,000. एक्स्टेंडेड वॉरंटी 14,000, आम्ही न मागता. 'इसेन्शिअल किट' 18,000, त्यात मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, गाडी झाकायचं कापड आणि एक सेंटची बाटली. सेंट इसेन्शिअल कसा, असं विचारलं तर पोरगा लाजला. आणि सगळ्यात खाली, जरा बारीक अक्षरात, 'हँडलिंग चार्जेस' 9,500.

"हे कशाचे?"

"गाडी यार्डातून शोरूमपर्यंत आणायचे, सर."

"मी यार्डातून घेऊन जातो की."

"तसं चालत नाही, सर."

इन्शुरन्सची गंमत अशी की नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. त्याचा दर सरकारच ठरवतं, 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला तेव्हा 10,640 रुपये, वर जीएसटी. तिथं कुणाला एक रुपया इकडचा तिकडे करता येत नाही. सगळा खेळ चालतो उरलेल्या रकमेत. मी बाहेरून, तेवढ्याच आयडीव्हीचा (म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीचा), झिरो डेप्रिसिएशनसकट (म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापणारा) भाव काढला. 31,000. पोरग्याला दाखवला तसा त्याचा चेहरा काळजीनं भरला. "बाहेरचा घेऊ नका सर, क्लेमला लई त्रास होतो." मी म्हटलं, मग त्रास न होणारा 31 मध्ये द्या. संध्याकाळी फोन आला, "सर, तुमच्यासाठी स्पेशल ॲप्रूव्हल काढलंय, 32." हे ॲप्रूव्हल नक्की कुणाकडून काढतात देव जाणे, पण ते दुपारी चारनंतरच निघतं असं माझं निरीक्षण आहे.

मध्ये कोल्हापूरच्या मावसभावानं तिथल्या शोरूमचं कोटेशन व्हॉट्सॲपवर पाठवलं. त्यात हँडलिंगची ओळच नव्हती. ते दाखवल्यावर पोरगा म्हणाला, "पण सर, तुम्ही सांगलीकर. एमएच 09 ची गाडी घेऊन फिरणार?" भावनेला हात घातला त्यानं. पत्ता सांगलीचा असला की नंबर एमएच 10 चाच पडतो, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. तरी दोघंही थोडा वेळ गंभीर बसलो.

इथवर आलो आणि मामा आले. मामा म्हणजे बायकोचे मामा, आटपाडीकडचे. उभा जन्म खरसुंडीच्या जत्रेतून खिलार बैल आणण्यात गेला. "गाडी घेताय आन् मला न्हाई सांगितलं?" म्हणून टॉवेल खांद्यावर टाकून ते आमच्याआधी शोरूमच्या पायऱ्या चढले.

गाडीला त्यांनी एक अख्खी फेरी मारली. बॉनेटवर थाप मारली. मग ग्रिलपुढं गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि पोरग्याला म्हणाले, "दात किती?"

पोरगा हसला. मामा हसले नाहीत.

"वय इचारतोय. कवाची हाय ही?"

"नवीन आहे, काका. झिरो किलोमीटर."

"चालली न्हाई म्हंजी म्हातारी व्हत न्हाई व्हय? जलमली कवा?"

मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. गाडीच्या चासी नंबरात ती कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात कारखान्याबाहेर पडली ते लिहिलेलं असतं, आणि शोरूमवाल्याला ते तोंडपाठ असतं. बरीच कुरकुर करून पोरग्यानं कॉम्प्युटर बघितला. आमच्या नावानं अडकवून ठेवायची होती ती गाडी मार्चची निघाली. सगळा उन्हाळा आणि पावसाळा तिनं यार्डात काढला होता. "पोरा," मामा म्हणाले, "आदत म्हणून चौसा इकतोस व्हय?" आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेला खोंड, चौसा म्हणजे चार दातांचा. पोरग्याला शब्द कळले नसावेत, पण तो उठून मॅनेजरला बोलवायला गेला.

मॅनेजरच्या केबिनमध्ये मामांनी खुर्ची त्याच्या बाजूला ओढली, त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि वरून टॉवेल टाकला. बैलांच्या बाजारात भाव असाच होतो. बोटं दाबून, तोंडानं न बोलता, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही. मॅनेजर मिरजेचा, एमबीए झालेला. तो आधी दचकला. टॉवेलाखाली काहीतरी हाललं. मामांनी मान हलवली. पुन्हा हाललं. मॅनेजरनं कपाळाचा घाम डाव्या हातानं पुसला आणि, माझी नजर चुकवत, स्वतःहून दोन बोटं दाबली असावीत, कारण मामा पहिल्यांदा "हां" म्हणाले. गाडी माझी, कर्ज माझं, सहीही माझीच होणार, आणि भाव टॉवेलाखाली! मी बायकोकडे बघितलं. ती मन लावून मामांच्या मनगटाकडे बघत होती, जणू तिला वाचता येत होतं.

टॉवेल निघाला तेव्हा 30,000 सुटले होते, हँडलिंगची ओळ खोडली गेली होती, आणि किट, सेंटच्या बाटलीसकट, कागदावरून गेलं होतं. वॉरंटी आम्ही ठेवली. मार्चची गाडी घेणं तसं काही वाईट नाही. पुढं विकताना लोक वर्ष बघतात, महिना कोण बघतोय? फक्त बॅटरी नवी घालून घ्यायची आणि टायर नीट तपासायचे, ते मामांनी केलं. चारही टायर त्यांनी अंगठ्यानं दाबले, पाचवा डिकीतून काढायला लावून.

नवरात्रात गाडी घ्यायला गेलो तर शोरूमला जत्रा. प्रत्येकाला पुठ्ठ्याची मोठी किल्ली, केक, फोटो आणि टाळ्या, की लगेच "पुढचा!" आमच्या पोरग्याच्या टायची गाठ कानाखाली गेली होती. तशातही तो मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहा द्या. नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात." मला त्याची दया आली. मी "देतो की" म्हणणार एवढ्यात मामांनी माझ्या दंडाला धरलं.

"म्हंजी ह्याला आपल्याकडनं कायतरी पायजे," ते म्हणाले.

मॅट आणि मडफ्लॅप फुकट बसवून होईपर्यंत आम्ही तिथंच बाकावर बसलो.

फोन आला तेव्हा मी विश्रामबागच्या चौकात नव्या क्लचशी झुंजत होतो. मामांनी उचलला. "हां, बोला... व्हय, घेतली... पोरगं? पोरगं लई गुणाचं हाय. मॅट दिलं, मडफ्लॅप दिलं, च्या पाजला... दहापैकी?" मामा थांबले. आरशात मला त्यांचा चेहरा दिसत होता, विचारात पडलेला. "नऊ लिवा बाई. दहा कसं दिऊ? आमच्या सख्ख्या जावयाला आजून सातावर ठिवलाय."

"सहा," शेजारून मामी म्हणाल्या.