सगळ्यांचाच इलाज लागू पडला

सासऱ्यांनी सोनं दिलं तर ते मोडता येतं, गहाण टाकता येतं, निदान बँकेच्या लॉकरात तरी ठेवता येतं. बुलेट दिली तर ती चालवावी लागते. आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी आपली जुनी साडेतीनशे आमच्या अंगणात आणून लावली. चावी माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "जावईबापू, पोरगी दिली तेव्हासुद्धा एवढं जड गेलं नव्हतं." पोरगी शेजारीच उभी होती. तिने तो हिशेब अजून मिटवलेला नाही.

गाडी जुन्या घाटणीची. कास्ट आयर्न इंजिन, पॉइंटची सिस्टीम (म्हणजे प्लगची ठिणगी वेळेवर पाडणारा जुना स्विच), चार गिअर आणि तेही उजव्या पायात. रॉयल एन्फील्ड मूळची इंग्लंडातल्या रेडिचची. 1955 मध्ये मद्रासला कंपनी निघाली आणि बुलेट इकडे बनायला लागली. इंग्रज गेले, उजवा गिअर मात्र पुढे कित्येक वर्षं राहिला. पहिला वर, बाकीचे तीन खाली, आणि ब्रेक डाव्या पायात. आजकालच्या गाडीवर पाय बसलेला माणूस ब्रेक मारायला जातो आणि गिअर पडतो, गिअर टाकायला जातो आणि गाडी जागच्या जागी उभी. माझ्या भाच्याने पोवई नाक्यावर, सातारा शहर कामावर निघालेलं असताना, या दोन्ही गोष्टी एका दमात करून दाखवल्या.

चालू करणं हा वेगळा विधी आहे. चावी फिरवायची, हेडलाइटच्या डोक्यावरच्या, करंट दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरकडे बघत किक हळूहळू दाबायची. वजाकडे झुकलेला काटा मध्यावर आला की थांबायचं. सिलिंडरातला दाब सोडणाऱ्या डीकॉम्प्रेसरची लिव्हर ओढून पिस्टन केसभर पुढे सरकवायचा, लिव्हर सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगातला सगळा जोर एका लाथेत. यातली एक पायरी गाळली तर किक उलटी येते, आणि पुढचे काही दिवस लोक गाडीची नाही, आपल्या घोट्याची चौकशी करतात.

एवढं सगळं मला जमलं होतं. दसऱ्याला भाच्याने गाडी अशी घासूनपुसून दिली की टाकीत बघून दाढी करावी. झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू वाहिलं. आणि दसऱ्यापासूनच ती आचके द्यायला लागली.

गावात काही नाही. गाडी ठणठणीत. यवतेश्वरचा घाट चढायला लागलो की अर्ध्या वाटेत खोकल्याची उबळ. अ‍ॅक्सिलरेटर पिळावा तर आणखी बसते, सोडावा तर जरा धरते, मधेच कार्बोरेटरमधून फट्‌कन शिंकते. अशा वेळी शहाणा माणूस गिअर कमी करतो. मीही करायचो. बुटाच्या टोकाने लिव्हर वर उचलायची, की तिसऱ्यातून दुसरा. पण तिसरा आणि दुसरा यांच्या मधे आमच्या गाडीने एक जागा राखून ठेवली होती, जिथे कुठलाच गिअर नव्हता. वास्तविक न्यूट्रलसाठी हिला टाचेपाशी एक स्वतंत्र छोटी लिव्हर आहे. पहिला सोडून कुठल्याही गिअरमध्ये ती दाबा, थेट न्यूट्रल. एवढी सरकारमान्य सोय असताना हिने स्वतःचं खाजगी न्यूट्रल काढलं होतं. इंजिन रिकामंच बोंबलायचं आणि गाडी मला घेऊन उलटी साताऱ्याकडे निघायची.

रस्त्यात बुलेट बंद पडली की माणसं जमतात. ती मदतीला येतात असं नाही, निदान करायला येतात.

पहिलं निदान आमच्या मिस्त्रींचं. त्यांनी गाडीकडे न बघताच "पॉइंट" म्हटलं. कव्हर काढलं, पॉइंट घासले. गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवी असं पुस्तक सांगतं. मिस्त्रींनी खिशातलं कुणाचंतरी व्हिजिटिंग कार्ड मधे सरकवलं, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "बसली." एका किकमध्ये चालू. यवतेश्वरपर्यंत गेलो, कौतुक करत. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग ऑफिसातले एक जण. "गरम झाल्यावर बंद पडते, गार झाल्यावर चालू होते? डोळे झाकून कंडेन्सर बदला." बदलला. गाडी पळाली. मग थांबली. तिसऱ्याने पायलट जेट काढून वायरीच्या तारेने साफ केला. गाडी पळाली. मग थांबली. कुणी प्लग बदलला, कुणी टॅपेट सेट केले. प्रत्येकाच्या हाताला यश आलं आणि प्रत्येक जण आजही सांगतो की त्याने गाडी दुरुस्त केली होती, पुढच्याने बिघडवली.

सगळ्यात भक्कम पुरावा शेजारच्या तात्यांकडे होता. तात्यांचा ऊस कारखान्याला जातो. "पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी ओढतं, जुनी रबरं खातं. तुमच्या गाडीला ऊस बाधतोय." मी म्हटलं, तात्या, ऊस तर तुमचाच. ते म्हणाले, "म्हणून तर सांगतोय. टाकी फुल करा आणि बघा, लवकर बंद पडेल." केली. खरंच लवकर बंद पडली! अर्ध्या टाकीवर घाट निम्मा चढणारी गाडी भरल्या टाकीवर पहिल्या वळणालाच बसली. तात्यांच्या चेहऱ्यावर ऊसदर वाढल्याचं समाधान पसरलं.

घाटात शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्याने मात्र काही उघडलं नाही. काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, "दम खाऊ दे की तिला जरा." मी कठड्यावर बसून राहिलो. मग किक मारली, चालू. एवढ्या सगळ्यांत फुकटचा इलाज तेवढाच होता.

गिअरचं मिस्त्रींनी केलं, आणि ते मात्र मनापासून. गिअरबॉक्सवर दोन बोल्टांनी धरलेली एक प्लेट असते, तिची भोकं लांबट असतात. बोल्ट ढिले करून प्लेट नखभर सरकवायची आणि गिअर टाकून बघायचे. एकीकडे सरकवली की खालचे तिन्ही लोण्यासारखे पडायचे आणि पहिला लागायचाच नाही. दुसरीकडे सरकवली की पहिला खटकन लागायचा आणि बाकीचे रुसायचे. क्लचची केबलही त्यांनी ताणून घेतली. मी म्हटलं, चारही लागतील असं काही करता येईल का? मिस्त्रींनी माझ्याकडे असं बघितलं की मी हुंड्यात दुसरी बुलेट मागतोय. शेवटी संध्याकाळच्या उजेडात ती मधली जागा सापडली. खाजगी न्यूट्रल आता महिन्या-दोन महिन्यांतून, सणासुदीलाच भेटतं.

आणि आचके? त्यांचा निकाल पेट्रोल पंपावर लागला. झाकण मी उघडलं, फुस्स आवाज आला. पाइप घेऊन उभी असलेली मुलगी थबकली. "काका, झाकण उघडताना नेहमी असा आवाज येतो?" मी म्हटलं, येतो, जुनी गाडी आहे. "आमच्या बाबांच्या राजदूतला असंच झालेलं. टाकीला श्वास नाहीये तुमच्या." तिने झाकण हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, ओढणीची सेफ्टी पिन काढली आणि झाकणाच्या मधल्या बारीक भोकात घातली. भोकातून फिकट गुलाबी रंगाची वाळलेली पॉलिशची वळी निघाली, शेवयासारखी.

पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यायला हवी. भोक बुजलेलं, म्हणून टाकीत पोकळी व्हायची आणि ती पेट्रोलला वर धरून ठेवायची. टाकी भरलेली असली की आत हवा मुळातच थोडी, त्यामुळे पोकळी लवकर. गाडी उभी राहिली की हवा कुठूनतरी झिरपत आत जायची. पॉइंट घासायला, कंडेन्सर बदलायला, तात्यांचं ऐकून घ्यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा तिला पुरायचा. शिवाय "पेट्रोल आहे ना?" म्हणून जमलेल्यांपैकी कुणीतरी झाकण उघडायचंच.

त्या दिवशी भरल्या टाकीवर कासपर्यंत गेलो, न थांबता. तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "पंप बदललात ना? मी काय म्हणत होतो." आप्पांना फोन केला. ते म्हणाले, "ते भोक मी दर रविवारी बघायचो. सांगायचं राहिलं."

भाचा मात्र नाराज आहे. भोक मोकळं झाल्यापासून खड्ड्यात आदळलं की पेट्रोलचे शिंतोडे उडतात आणि त्याच्या पॉलिशवर डाग पडतात. काल त्याने ऑनलाइन मागवलेलं नवं झाकण आलं. क्रोमचं, जाड रबरी वॉशरचं. खोक्यातून काढून माझ्यापुढे नाचवत म्हणाला, "मामा, एकदम टाइट. आता थेंब बाहेर येणार नाही. हवासुद्धा जात नाही यातून!"