विश्वास कमी पडला म्हणे!

नगरच्या आमच्या कट्ट्यावर देवाचा विषय निघाला की एक तर नानांचा आवाज चढतो, नाहीतर मास्तर तुकोबा काढतात. गेल्या रविवारी दोन्ही झालं, आणि त्याला कारण सॅम्याच्या चर्चचे पाळकसाहेब, म्हणजे तिथले धर्मगुरू.

त्यांच्या तरुण संघाने उपासनेनंतर प्रश्नोत्तरं ठेवली होती. नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची, पाळकसाहेब एकेक उघडणार. बऱ्याचशा नेहमीच्याच: बायबलमध्ये डायनासोर का नाहीत, दुसऱ्या धर्मातल्या मुलीशी लग्न केलं तर चालतं का. (या दुसऱ्या उत्तराला म्हणे सगळ्यात जास्त वेळ लागला.) मग एक चिठ्ठी निघाली. ‘आईसाठी रोज प्रार्थना केली. सगळ्या मंडळीने केली. आई गेली. आता प्रार्थना कशासाठी करू?’ पाळकसाहेबांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "मला माहीत नाही." मग तेरावं स्तोत्र काढलं. त्यात भक्त देवालाच विचारतो, मला विसरलास का, अजून कुठवर? तेवढं वाचलं आणि पुढची चिठ्ठी उचलली.

"मग पगार कशाचा घेतात?" बापू म्हणाला. बापूच्या रिक्षाच्या मागच्या काचेवर ‘येशू माझा मेंढपाळ’ लिहिलंय. तो सॅम्याच्या चर्चमध्ये जात नाही, दर शुक्रवारी एका हॉलमधल्या प्रार्थनेला जातो. तिथे टाळ्या असतात, रडणं असतं, देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगणाऱ्या साक्षी असतात. "आमच्याकडे याचं उत्तर आहे. विश्वास कमी पडला. कुणाचा तरी पडलाच असणार."

"हे त्या पोराच्या तोंडावर सांगशील?" सॅम्याने विचारलं.

"सांगेन. गोड बोलून काय होतं?"

नाना याचीच वाट बघत होते. फिजिक्स शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्यांना आकड्याशिवाय बोलता येत नाही. "अरे, हे मोजून झालंय," म्हणाले. 2006 साली अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि मंडळींचा अभ्यास छापून आला. सहा रुग्णालयं, बायपासचे 1802 रुग्ण, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलेलं, तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. त्यातल्या एकासाठी झाली, दुसऱ्यासाठी नाही. ऑपरेशननंतर गुंतागुंत झालेले रुग्ण 52 टक्के आणि 51 टक्के. फरक शून्यासारखाच. तिसऱ्या गटाला मात्र खात्रीने सांगितलेलं की तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे. त्यांच्यात 59 टक्के!

"म्हणजे प्रार्थनेनं बिघडलं?" बापू उसळला.

"तसं मी म्हणत नाही. योगायोगही असेल, हे संशोधकांनीच लिहिलंय. पण पैसा टेम्पलटन फाउंडेशनचा होता, धर्माचे वैरी नव्हेत ते. आणि सुधारणा काही दिसली नाही."

मास्तरांना हे अजिबात आवडलं नाही. ते वारीला जाणारे. "पांडुरंगाला परीक्षेला बसवता होय? अर्धे पेशंट तुझे, अर्धे माझे, आणि निकाल टक्क्यांत?" मला मात्र नानांचं निम्मं पटलं. प्रार्थना औषध म्हणून विकायची असेल तर तिला औषधाचीच कसोटी लागणार आणि त्या कसोटीत ती नापास झाली, हे मुकाट्याने मान्य करावं. माझं भांडण विकण्याशी आहे.

मी मार्टिन ल्यूथर किंग यांची गोष्ट काढली. सगळ्यांना ते पुढारी म्हणून ठाऊक असतात, पण पेशाने ते पाळक होते. जानेवारी 1956, मॉन्टगोमेरी शहर, काळ्या लोकांचा बसवरचा बहिष्कार चालू. किंग नुकतेच 27 वर्षांचे झालेले, घरात काही आठवड्यांची मुलगी. मध्यरात्री फोनवर धमकी आली. झोप उडाली म्हणून स्वयंपाकघरात कॉफी करून बसले आणि तिथेच मोठ्याने देवाला सांगितलं की मला भीती वाटते, माझ्यातली ताकद संपली. त्यानंतर आतून कुणीतरी उभं राहायला सांगितलं, असं ते पुढे सांगत. तीन दिवसांनी त्यांच्या घराच्या ओट्यावर बॉम्ब फुटला.

"प्रार्थनेचा निकाल, बॉम्ब!" नानांनी टाळीसाठी हात पुढे केला. कुणी दिली नाही.

"पण बायको-मुलगी वाचली ना?" बापू.

"वाचली. आणि 4 एप्रिल 1968 ला मेंफिसमध्ये किंग नाही वाचले. तेव्हा कुणाचा विश्वास कमी पडला, बापू?"

बापूने चहाचा ग्लास खाली ठेवला, पण माघार घेतली नाही. मला त्या गोष्टीतलं महत्त्वाचं वेगळंच वाटतं. बॉम्ब फुटल्यावर घराबाहेर चिडलेला जमाव जमला, काहींच्या हातात हत्यारं होती. किंग त्याच मोडक्या ओट्यावर उभे राहिले आणि लोकांना शांतपणे घरी जायला सांगितलं. तीन रात्रींपूर्वी ‘ताकद संपली’ म्हणणारा हा माणूस. ही प्रार्थनेची करामत की किंग यांचा मूळचाच पिंड, हे मला सांगता येणार नाही, नानांनाही येणार नाही. याला टक्के नाहीत.

मास्तर आता थांबणारच नव्हते. "शंका तुम्ही काय सांगता? दुष्काळात धंदा बुडाला, बायको गेली, पोर गेलं, तेव्हाचे तुकोबा बघा. माझ्या लेखी देव मेला, असं स्वतःच्या अभंगात म्हणून बसलेत! म्हणून वारकऱ्यांनी त्यांना बाहेर काढलं का?"

"आणि आमचे टिळक त्याच तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले," सॅम्या म्हणाला. आमचे म्हणजे नारायण वामन टिळक, नगरला त्यांच्या नावाबद्दल गैरसमज होत नाही. 1895 मध्ये बाप्तिस्मा, 1904 मध्ये पाळकपदाची दीक्षा. आजही सॅम्याच्या चर्चमध्ये गातात त्यातली कितीतरी गीतं त्यांचीच. आणि 1917 मध्ये हाच माणूस मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला गेला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्याच ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडून बसला. ठरीव उत्तरांवर भागत नसलेला पाळक नगरकरांना नवा नाही, एवढंच सॅम्याचं म्हणणं.

"इतिहास राहू दे," बापू म्हणाला. "शास्त्रात काय आहे ते बोल. मत्तयाचं शुभवर्तमान, अध्याय सतरा. शिष्यांना त्या पोराचं भूत काढता आलं नाही. का? प्रभू म्हणाला, तुमच्या अल्पविश्वासामुळे. मोहरीच्या दाण्याएवढा असता तरी डोंगर हलला असता. हे मी लिहिलंय?"

खरं सांगायचं तर मला वाटलं, सॅम्या इथे अडकला. वचन स्पष्ट आहे. पण सॅम्याने मोबाइलवर बायबल उघडलं आणि हळूहळू बोलायला लागला.

"बरोबर आहे. पण बोलणी कुणाला बसली? शिष्यांना. बरं करायला निघालेल्यांना. आता हीच गोष्ट मार्कच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात वाच. तिथे त्या पोराचा बाप आहे. तो येशूला म्हणतो, तुला काही करता येत असेल तर कर. ‘येत असेल तर’! याहून मोठी शंका कुठली? येशू त्या शब्दावर टोकतो, तेव्हा बाप ओरडतो, विश्वास आहे, आणि नाही तेवढ्यासाठी मदत कर. आणि पोरगं बरं होतं. अर्ध्या विश्वासाच्या बापाला परत पाठवलं नाही. तुमच्या हॉलमध्ये उलटं चालतं. प्रार्थना करणारे स्टेजवर, आणि गुण आला नाही तर दोष खाली बसलेल्या आईचा."

कट्ट्यावर कुणीतरी "वा!" म्हणालं. नानाच असावेत, पण ते कबूल करत नाहीत.

"आणि गेथशेमाने बागेत, अटकेच्या आधी?" सॅम्या थांबेना. "हा प्याला टळू दे, म्हणून येशूने स्वतः मागितलं. टळला नाही. प्रेषित पौलाने अंगातला काटा, म्हणजे त्याचं दुखणं, काढ म्हणून तीनदा विनवलं. निघाला नाही. तिथेही विश्वास कमी पडला म्हणणार का?"

"याकोब त्याच्या पत्रात म्हणतो, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा असतो," बापूने शेवटचा पत्ता टाकला.

"ते शहाणपण मागण्याबद्दल आहे. आधीची ओळ वाच."

बापूने वाचली. मग म्हणाला, "ठीक आहे. पण ‘माहीत नाही’ म्हणून सोडून द्यायचं का त्या पोराला?"

हा प्रश्न मात्र चोख होता, आणि सॅम्याने ती बाजू आम्हाला सांगितलीच नव्हती. कार्यक्रम संपल्यावर पाळकसाहेबांनी माइकवरून सांगितलं होतं, ज्याची ती चिठ्ठी आहे त्याने सध्या प्रार्थना नाही केली तरी चालेल. त्याच्या वाटणीची मंडळी करेल. तो नुसता येऊन बसला तरी पुरे.

"उधारीवर प्रार्थना?" नाना खूश झाले. "हे तर आमच्या सोसायटीतही चालत नाही."

"शास्त्रात चालतं," आणि हे चक्क बापू बोलला. "मार्क दोन. कफर्णहूमचा पक्षघाती. चौघांनी उचलून आणला, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छप्पर उकरून खाली सोडला. येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं लिहिलंय. खाटेवरचा तर एक शब्द बोललेला नाही."

सॅम्या बघतच राहिला. एवढा वेळ ज्याच्याशी भांडला त्यानेच पाळकसाहेबांची बाजू शास्त्राने भरून दिली होती.

"ते सगळं ठीक," नाना उठता उठता म्हणाले, "पण त्या घरमालकाचं छप्पर कुणी दुरुस्त करून दिलं, ते लिहिलंय का कुठे?"