कुर्रर्र

काल कऱ्हाडला, सासरी, माझी शोभा झाली. काम एवढंसं होतं. मेव्हण्याच्या मुलीच्या बारशाचा व्हिडिओ लॅपटॉपवरून हॉलमधल्या टीव्हीवर दाखवायचा. सतरंजीवर पंधरा माणसं आणि मी 'कंप्युटरमधला' जावई. विंडोज आणि के ही बटणं दाबली, यादीत टीव्हीचं नाव आलं, चाक गरगरू लागलं. मी ऐटीत हात बांधून उभा राहिलो, ते नडलं.

"जावईबापू, वायर कुठाय?" धाकटे चुलत सासरे, आप्पा. वायरमन म्हणून निवृत्त.

"लागत नाही, आप्पा. वायरलेस आहे."

"मग जातंय कुठनं?"

"हवेतून."

आप्पांनी वर पाहिलं. "मग पंखा बंद करू?"

मी समजावलं. मिराकास्ट म्हणतात, 2012 साली आलं, मध्ये राउटरही लागत नाही. लॅपटॉप स्क्रीनवरचं चित्र भराभर टिपतो, दाबून लहान करतो, टीव्हीकडे फेकतो आणि टीव्ही ते उलगडून दाखवतो.

"म्हणजे घडी घालून पाठवायचं नि तिकडं उलगडायचं. इस्त्री कोण करतं?" पोरं हसली. माझी बायको जरा जास्तच हसली. "38 वर्षं खांबावर काढली. हवेतनं आलेली एकच बघितली. नारळावर पडली ती."

तेवढ्यात चित्र आलं! पाळणा, फुगे, आणि आत्या म्हणून बाळाच्या कानाशी वाकलेली माझी बायको. "कु..."

आणि सगळं थिजलं. बायको वाकलेली, मागे पाच बायकांचे हात धपाट्यासाठी वर उचललेले. बराच वेळ. मग चित्र एकदम पळालं, धपाटे मुकाट पडले, आणि बायको पेढा खाऊ लागल्यावर मागून आवाज आला, "कुर्रर्र!" पुन्हा थिजलं.

"वहिनी, ते खोकं बंद करा बघू."

सासूबाई मायक्रोवेव्हमध्ये वरण तापवत होत्या. बंद केला, चित्र चाललं. आप्पांनी खात्रीसाठी तो तीनदा चालू-बंद करायला लावला. तिन्ही वेळा बायको थिजली. मायक्रोवेव्ह आणि आमचं हे वायफाय दोन्ही 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास नांदतात, त्यामुळे भांडतात. हे मी वाचलेलं होतं हो! सुचलं आप्पांना.

वरण तापलं, पण तोवर जोडणी तुटली ती तुटलीच. आप्पा सेटटॉप बॉक्सची एचडीएमआय वायर उपटून घेऊन आले. तिचं टोक हातात धरून त्यांनी माझ्या लॅपटॉपला एक प्रदक्षिणा घातली. मग उलटी.

"भोक कुठाय?"

नाहीये. त्याला दोन बारीक टाइप-सी भोकं आहेत, एक चार्जर अडवतो. माझा जुना लॅपटॉप निम्म्या किमतीचा होता, विटेसारखा जड होता, पण त्यात कुठलीही वायर जायची, पेनड्राइव्हसुद्धा. हा पातळ केला. कोणी सांगितलं होतं? दाराच्या फटीतून सरकवायचा होता का मला? वर काढून टाकलेली भोकं अडॅप्टर म्हणून वेगळे पैसे घेऊन आपल्यालाच विकायची, आणि तो अडॅप्टर ऐन वेळी पुण्याला ड्रॉवरमध्ये असणार. होताच.

शेवटी पंधरा माणसांनी बारसं बायकोच्या फोनवर, आळीपाळीने, डोक्याला डोकी लावून पाहिलं. आप्पा कोपराभोवती वायर गुंडाळत स्वयंपाकघरात गेले आणि त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाले, "असू दे वहिनी. पगार वेळेवर होतोय ना?"