नाद खुळा, सायलेन्सर मोकळा

जुनी गाडी ओरिजनल करायची म्हटली की आपल्याकडं सल्लागारांना तोटा नाही. ज्यानं जन्मात कधी पाना धरला नाही, तोसुद्धा हाताची घडी घालून सांगतो, "कंपनीचं काही बदलू नका बरं का." माझी पंचाईत अशी की माझ्या येझदी मोटारसायकलीत कंपनीचं जे काही बदलण्यासारखं होतं, ते मी आणि माझ्या मित्रानं १९८४ सालीच बदलून टाकलं होतं. मला गाडी परत हवी होती ती म्हैसूरच्या कारखान्यातून निघाली तशी नव्हे, आमच्या हातून निघाली तशी. हे ज्याला ज्याला सांगितलं त्यानं आधी गाडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि दोन्ही वेळेला नजर तीच.

खापर फोडायचंच तर ते कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतल्या एका रद्दीच्या दुकानावर फोडावं लागेल. तिथं आम्हाला एक अमेरिकन मासिक सापडलं. आत फोटो होता १९३२ च्या फोर्डचा. बॉनेट नाही, मडगार्ड नाही, व्ही-एट इंजिन उघडं, आणि अंगावर रंगवलेल्या ज्वाळा. मित्राचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं, म्हणजे त्याला त्या विषयात एटीकेटी नव्हती. त्यानं वाचून सांगितलं की याला हॉट रॉड म्हणतात. तिकडची पोरं मोडीतल्या जुन्या फोर्ड घेतात, नको ते पत्रे काढून वजन कमी करतात, इंजिनाचं हेड घासून दाब वाढवतात आणि कॅलिफोर्नियात आटलेल्या तळ्यांच्या सपाट पात्रांत जीव खाऊन पळवतात. एवढं वाचून तो हळहळला. "आपला रंकाळा काय आटत नाही गा."

फोर्डही नव्हती. होती ती काकांची १९७९ ची येझदी. काका साखर कारखान्यात चिटबॉय. उसाच्या नोंदी करत शेताशेतांतून ती गाडी इतकी फिरली होती की बांध दिसला की आपोआप हळू व्हायची. काकांचे गुडघे बोलायला लागले आणि किक मारवेना, तेव्हा ती माझ्याकडं आली.

ज्यांनी येझदी चालवली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ज्यांनी चालवली आहे ते तसंही मध्येच तोडून स्वतःचं सांगायला लागतील. १९६१ पासून म्हैसूरला आयडियल जावा कंपनी चेक बनावटीच्या जावा बनवायची, पुढं त्याच घराण्यातल्या गाड्या येझदी नावानं निघाल्या, १९९६ ला कारखान्याला टाळं लागलं. टू-स्ट्रोक इंजिन, ६५ बाय ७५ मिलीमीटरचा एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. किक आणि गिअर मिळून दांडा मात्र एकच. गिअरचाच दांडा आत दाबून वर फिरवायचा की त्याची किक होते. माहीत नसलेला चोर अर्धा तास किक शोधत बसायचा आणि शेवटी मालकालाच हाक मारायचा.

या गाडीचं आम्ही काय केलं? उद्यमनगरात मित्राच्या मामांचं लेथ होतं. मामा जेवायला गेले की हेड चकला लावायचं आणि घासायचं. पोर्ट कानशीनं मोठे केले. पुढचं मडगार्ड काढलं, त्यामुळं जुलैत रंकाळ्यावरून आलो की घरचे आधी आवाजावरून ओळखायचे, तोंड धुतल्यावर चेहऱ्यावरून. राजदूतचं हँडल कापून उलटं वेल्डिंग केलं. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, वाढवलं. त्यानं सपाटीला गाडी बाणासारखी सुटायची, पण वाघबीळचा चढ लागला की मागच्यानं उतरून पळायचं, कधी कधी तो आमच्या आधी पन्हाळ्याला पोचायचा. पॉइंट सरकवून टायमिंग पुढं घेतलं, म्हणजे ठिणगी वेळेच्या आधीच पडायची. आणि सगळ्यात मोठं शास्त्रीय काम, दोन्ही सायलेन्सरच्या आवाज दाबणाऱ्या पुंग्या काढून टाकल्या. एका सिलिंडरला दोन मोकळे नळकांडे! गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरनं गेलो की म्हशी पान्हा चोरतात अशी तक्रार थेट वडिलांपर्यंत आली होती.

टाकी रंगवायला सिनेमाचे बोर्ड करणाऱ्या पेंटरकडं गेलो. मासिकातला फोटो त्यानं उलटा धरून बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "जाळ कशाचा काढू? चुलीचा का होळीचा?" आम्ही होळीचा सांगितला. त्यानं तो काढला, खाली न विचारता गोवऱ्याही काढल्या.

नंतर नोकरी, लग्न, बदल्या. गाडी गोठ्यात गेली. म्हशी विकल्या तरी गाडी तिथंच, वर कडब्याच्या पेंढ्या, त्यावर कोंबड्या. यंदा निवृत्त झालो आणि ती बाहेर काढली. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "त्या धुराड्याला अंगणात घेतलासा तर मी चाललो माहेरला." माहेर पलीकडच्या गल्लीत आहे, त्यामुळं मी तो धोका पत्करला.

इंजिन जाम होतं. प्लग काढून आत डिझेल ओतून ठेवलं. एअर फिल्टरचा डबा उघडला तर आत उंदराचं वंशपरंपरागत घर निघालं. भुईमुगाची टरफलं, वर्तमानपत्राची पिंजलेली पानं आणि मोरपंखी रंगाच्या ब्लाउजपीसची चिंधी. बायकोनं ती चिमटीत धरून उजेडात नेली. तो पीस आमच्या लग्नातला. तो नेल्याचा आळ गेली तीस-पस्तीस वर्षं माझ्या बहिणीवर होता. दोघींचं त्या दिवशी फोनवर दीड तास बोलणं झालं. गाडीचा घराला झालेला हा एकमेव उपयोग. अर्थात बहिणीनं तो आळ इतकी वर्षं सोसल्याची भरपाई म्हणून पैठणी मागितली, म्हणजे हिशेबात तोही तोटाच.

मिस्त्री आमच्या जुन्या मिस्त्रीचाच मुलगा. हात वडिलांपेक्षा चांगला, हीच अडचण. क्रँकचे ऑइल सील बदलले, ब्लॉक बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकला, तिथवर ठीक. पण हा माणूस मी पाठ फिरवली की गाडी सुधारायचा.

"मामा, टायमिंग पार चुकीचं होतं. बरोबर करून ठेवलंय."

"अरे, ते चुकीचं नव्हतं, आमचं होतं."

"आणि सायलेन्सरला पुंग्या नव्हत्या. नव्या टाकल्या."

"काढ त्या."

"पोलीस असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलर फिरवालेत मामा. पेपर वाचत नाहीसा काय?"

त्यातच पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये असलेला गल्लीतला एक तरुण शनिवार-रविवारी येऊन बसायला लागला. त्याच्याकडं येझदीचीच रोडकिंग आहे, पुसून पुसून आरसा केलेली. जुलैचा दुसरा रविवार हा जावा दिवस असतो, हे मला त्याच्याकडून कळलं. आमच्याकडं बेंदराला बैल काढतात तशी ही मंडळी त्या दिवशी गाड्या सजवून बाहेर काढतात. पोरगा गुणी, पण मोबाईलवर कंपनीचं पार्ट कॅटलॉग उघडून नटाला नट लावून बघतो. "काका, हा बोल्ट मूळचा नाही." बाळा, तो बोल्ट आमच्या पाणी उपशाच्या मोटरचा आहे, आणि तो तिथं बसवताना माझं नख गेलं होतं, याहून मूळचा तो काय असणार?

खरी चेष्टा तर पुढंच आहे. कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी कंपनीच्या मापाची हँडल, मडगार्ड, टाकीवरचे बिल्ले, सायलेन्सर सगळं मिळतं. बेंगळुरूहून येतं, दिल्लीच्या करोल बागेतून डुप्लिकेट येतं, अगदी कुरिअरनं दारात येतं. आमचं मात्र काहीच मिळत नाही. उलटं वेल्डिंग केलेलं राजदूतचं हँडल कुठल्या कॅटलॉगात शोधणार? ते गंजून तुटलं होतं. उद्यमनगरात एका पोराला तसंच करून मागितलं, तर त्यानं कॉम्प्युटरवर त्याचं सुंदर ड्रॉइंग काढलं आणि दोन्ही बाजू सारख्या केल्या. आमची डावी बाजू दोन बोटं खाली होती. तिच्याशिवाय गाडी वळवायची कशी, हे माझ्या खांद्यांना कळेना.

पेट्रोलची निराळीच कथा. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. पूर्वी पंपावर तसं मिसळलेलंच मिळायचं. आता पंपावरच्या पोराला टू-टी ऑइल विचारलं तर तो मॅनेजरला बोलावतो. मग घरीच लिटरला ४० मिली, नातवाच्या खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजून. (टोपण धुऊन ठेवतो. बायकोचा विश्वास नाही, तिनं नवं आणलं.) त्यात पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवून मऊ करतं. कार्बोरेटरची नळी बघता बघता शेवयांसारखी झाली. काकांनी आयुष्यभर ज्या उसाच्या चिठ्ठ्या फाडल्या, तोच ऊस आता त्यांच्या गाडीच्या टाकीत उतरून सूड घ्यायला लागलाय.

पेंटर सापडला. फ्लेक्सनं त्याचा धंदा केव्हाच बसवला. आता तो गणपतीच्या दिवसांत मूर्तींचे डोळे तेवढे उघडतो. स्टिकरवाल्याकडं तयार ज्वाळा चारशे रुपयांत मिळत होत्या, पण गोवऱ्या नव्हत्या. पेंटरनं टाकीवरून हात फिरवला, खालचा पोपडा नखानं उचकटून पाहिला आणि म्हणाला, "रंग आपलाच. पण कागदपत्रात काळी लिहिलीय न्हवं? आधी पासिंग करून आणा, मग पेटवू."

पासिंग! पंधरा वर्षांनंतर नोंदणी नव्यानं करायची, फिटनेस दाखवायचा, पर्यावरण कर भरायचा. विंटेज म्हणून सुटका होईल असं वाटलं होतं, तर २०२१ च्या नियमांप्रमाणं त्याला पन्नास वर्षं भरावी लागतात आणि चेसिस-इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे वयात मी थोडा कमी पडलो, चारित्र्यात फारच.

मग तह झाला. पासिंगपुरती गाडी कंपनीची. सॉफ्टवेअरवाल्यानं आपलं सरळ हँडल उसनं दिलं. मडगार्ड आलं, पुंग्या आल्या, स्प्रॉकेट मूळ मापाचं आलं, टाकी काळी झाली. आरशात बघितलं तर वाटलं, ही कुणाची तरी सभ्य गाडी आपण चोरून आणलीय. बाहेरून दिसत नाही एवढं एकच आमचं ठेवायला मिस्त्रीला राजी केलं. टायमिंग.

तपासणीचे साहेब वयानं माझ्या मुलाएवढे, पण गाड्यांची आवड असलेले. एक सिलिंडर दोन सायलेन्सर बघून खुश झाले. चेसिस नंबर घासून घेतला, दिवा पाहिला, हॉर्न वाजवला. "वा! एकदम ओरिजनल ठेवलीय काका," म्हणाले. सॉफ्टवेअरवाला छाती काढून उभा राहिला, मिस्त्रीनं आभाळाकडं बघितलं.

"जरा पुढं घेऊन दाखवा."

किक मारली. इंजिन दोनदा खोकलं, मंदावलं, बंद पडतंय असं वाटता वाटता एक उलटी उचकी देऊन परत लागलं. येझदीसारख्या टू-स्ट्रोकला वाल्व्ह नसतात, त्यामुळं त्याला सुलटं काय आणि उलटं काय, दोन्ही दिशा सारख्याच. टायमिंग फार पुढं असलं की एखादी ठिणगी पिस्टनला वर पोचायच्या आतच माघारी धाडते आणि क्रँक उलटा फिरायला लागतो. मिस्त्रीच्या कानाला ते कळलं. तो हात हलवत धावला. मी त्याला हात हलवून उत्तर दिलं, पहिला गिअर टाकला आणि रुबाबात ॲक्सिलरेटर पिळला.

येझदी मला घेऊन मागं निघाली. पासिंगला आलेल्या रिक्षांची रांग फुटली, कुणीतरी "ओ मामा, ओ मामा" ओरडत राहिलं, आणि ऊस वाहायच्या एका रिकाम्या ट्रॉलीला टेकून आम्ही थांबलो. साहेब शांतपणे चालत आले. आरसीचं पुस्तक उघडलं, पानं उलटून उलटून पाहिली आणि म्हणाले,

"काका, रिव्हर्स गिअर कधी बसवलासा? याची नोंद दिसत नाही कुठं."