पोटातले पाणी आणि सुईची बदनामी

यकृताच्या सिरोसिसमुळे, म्हणजे यकृत निबर झाल्याने, पोटात पाणी साठलेल्या, म्हणजेच जलोदर झालेल्या रुग्णांच्या घरच्यांसाठी म्हणून एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या गटावर तो एका आठवड्यात तीनदा आला. त्यात म्हटले आहे : सुई लावून पाणी काढू नये, कारण काढले की ते दुप्पट वेगाने भरते. मीठ सोडून सैंधव घ्यावे आणि पाणी पिणे जवळजवळ बंद करावे. डाळ, दूध, अंडी वर्ज्य करावीत. आणि एवढे करूनही रुग्णाच्या हाती सहाच महिने असतात, असे त्यात ठामपणे लिहिले आहे.

पाणी परत भरते हे खरे, पण त्याचे खापर सुईवर फोडणे चूक आहे. यकृत निबर झाले की आतड्यांकडून त्यात येणाऱ्या रक्ताचा दाब वाढतो, शरीरात रक्त कमी पडते आहे असा मूत्रपिंडांचा समज होतो आणि ती मीठ धरून ठेवू लागतात. पोटातल्या एक लिटर पाण्यात साधारण ७.५ ग्रॅम मीठ असते. म्हणजे रोज १० ग्रॅम मीठ खाणाऱ्या आणि लघवीवाटे ते जवळजवळ बाहेर न टाकणाऱ्या रुग्णाच्या पोटात दिवसाला लिटरभराहून अधिक पाणी साठू शकते, मग सुई लावलेली असो वा नसो. संदेशात तथ्याचा अंश शोधायचाच तर तो एवढाच, की एका वेळी ५ लिटरपेक्षा जास्त पाणी काढून शिरेतून अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) दिले नाही, तर रक्ताभिसरण बिघडून मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका असतो आणि पाणीही लवकर भरते. म्हणूनच काढलेल्या प्रत्येक लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन देतात. ते महाग असते, पण म्हणून वगळण्याजोगे नव्हे.

शिवाय सुई केवळ पोट हलके करण्यासाठी नसते. साठलेल्या पाण्यात जंतुसंसर्ग होतो, आणि तो झाला तरी ताप किंवा पोटदुखी असेलच असे नाही. कधी रुग्ण नुसता बरळू लागतो, कधी लघवी कमी होते. पाण्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या) पेशी २५० किंवा त्याहून अधिक आढळल्या, तर ताबडतोब प्रतिजैविके सुरू करावी लागतात. जलोदर क्षयरोगानेही होतो, हेदेखील याच तपासणीत लक्षात येऊ शकते. सुईला घाबरून घालवलेले दोन दिवस जिवावर बेतू शकतात.

सैंधव हेही सोडियम क्लोराइडच आहे. दिवसभराचे एकूण मीठ सुमारे ५ ग्रॅमपर्यंत ठेवायचे असते आणि त्यात पापड, लोणचे, फरसाण, बाकरवडी हे सगळे मोजायचे असते. बाजारात मिळणाऱ्या ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असते. जलोदरात लघवी वाढवण्यासाठी देतात ते स्पायरोनोलॅक्टोन हे औषध शरीरात पोटॅशियम धरून ठेवते, म्हणून ते घेणाऱ्या रुग्णाला असे मीठ विशेष धोक्याचे. पाण्यावर मर्यादा मात्र रक्तातले सोडियम बरेच उतरले, साधारण लिटरमागे १२५ मिलिमोलच्या खाली गेले, तरच घालतात.

डाळ-दूध बंद करण्याचा सल्ला जुन्या समजुतीतून आला आहे. या रुग्णांचे स्नायू झपाट्याने झडतात, म्हणून त्यांना वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि झोपण्यापूर्वी थोडे खाणे लागते. बंद करायच्याच असतील तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या कराव्यात. त्यांचा संदेशात उल्लेखही नाही.

राहिले ते सहा महिने. जलोदर हे गंभीर वळण आहे, हे लपवण्यात अर्थ नाही : त्यानंतर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर येते. पण सहा महिन्यांचा आकडा औषधांना दाद न देणाऱ्या जलोदराचा आहे, आणि तोही सरासरीचा. दारू पूर्ण सुटली किंवा हिपॅटायटिस बी, सी यांवर उपचार झाले, तर काहींचे यकृत इतके सावरते की पाणी साठणेच थांबते. ज्यांचे सावरत नाही त्यांच्यासाठी प्रत्यारोपण आहे. पुण्यात मृत दात्याच्या यकृतासाठीची प्रतीक्षायादी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे असते आणि नोंदणी रुग्णालयामार्फत होते. त्याविषयी डॉक्टरांना पहिल्यांदा पाणी साठले तेव्हाच विचारावे.