काम कुठे अडलंय, तेवढं सांगा

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि प्रभागांना पुन्हा नगरसेवक मिळाले. मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता, नवी मुंबईसारख्या काही शहरांत तर २०२० पासूनच. इतकी वर्षं गल्लीतलं चेंबर तुंबलं तर दाद कुणाकडे मागायची, हेच लोकांना कळत नव्हतं. आता हक्काचा माणूस आहे, त्याचं संपर्क कार्यालय आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. ग्रुपवर रोज काही ना काही पडतंही. भूमिपूजन, पाहणी दौरा, सत्कार, शुभेच्छा. पण घरासमोरचा रस्ता तीन आठवडे उखडून का पडलाय, हे त्या सगळ्यात सापडत नाही.

नव्या नगरसेवकांना आणि जुन्या जाणत्यांनाही कळकळीचं सांगणं आहे, की सुरू झालेल्या कामाच्या आधी थांबलेल्या कामाची माहिती द्या. सुरू झालेलं काम लोकांना खिडकीतून दिसतं. ते का थांबलं, हे फाइल पाहणाऱ्यालाच कळतं, आणि ती फाइल पाहायला प्रभागाने तुम्हालाच पाठवलंय.

सगळा घोळ सुरू होतो तो "मंजूर" या शब्दापासून. काम मंजूर झालं, असं नगरसेवक एकाच कामाबद्दल चार वेगवेगळ्या वेळी सांगतात. अंदाजपत्रकात तरतूद झाली की मंजूर. अभियंत्याने केलेल्या एस्टिमेटला तांत्रिक आणि प्रशासकीय मान्यता मिळाली की मंजूर. निविदा उघडून स्थायी समितीत विषय पास झाला की मंजूर. आणि ठेकेदाराला वर्क ऑर्डर मिळाली की परत एकदा मंजूर. पहिल्या आणि चौथ्या मंजुरीमध्ये महिनेच्या महिने जातात. लोकांच्या लक्षात राहते ती पहिली, त्यामुळे दिवाळीनंतरही रस्ता तसाच दिसला की "पैसे खाल्ले" हा निष्कर्ष चहाच्या टपरीवर निघून मोकळा होतो. कित्येकदा तसं काहीच झालेलं नसतं. एकच निविदा आली म्हणून फेरनिविदा काढावी लागलेली असते, किंवा एस्टिमेट जुन्या दरसूचीवर केलेलं असल्याने परत खाली आलेलं असतं.

कधी कधी मात्र खरंच काहीतरी झालेलं असतं. त्या कामाची तरतूद दुसऱ्याच कामाकडे वळवली गेलेली असते. पुण्यात याला वर्गीकरण म्हणतात. विषय समितीत येतो, दोन मिनिटांत पास होतो, आणि तुमच्या गल्लीच्या ड्रेनेजचा पैसा दुसरीकडच्या सुशोभीकरणाला जातो. माझ्या मते ही गोष्ट प्रभागाला त्याच दिवशी कळली पाहिजे, मग वर्गीकरण योग्य कारणासाठी झालेलं असो वा नसो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तर डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं, कारण ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं आणि न वापरलेली तरतूद पुढच्या वर्षी आपोआप मिळत नाही.

म्हणून "मंजूर" शब्द सोडा आणि टप्पा सांगा. तरतूद, मान्यता, निविदा, वर्क ऑर्डर, प्रत्यक्ष काम, मोजमाप आणि बिल. सोबत तारीख, आणि फाइल सध्या कोणत्या टेबलावर आहे ते. असा मेसेज कसा दिसेल, याचा एक नमुना देतो:

"शाळेमागची गल्ली, ड्रेनेज लाइन बदलणे, ३०० मिमी, लांबी १२० मीटर. वर्क ऑर्डर मिळाली आहे, मुदत ९० दिवस. ४० मीटर लाइन टाकून झाली. पुढे पाण्याची जुनी लाइन आडवी आली आहे. ती हलवल्याशिवाय खोदाई होणार नाही. पाणीपुरवठा विभागाच्या उपअभियंत्यांकडे सोमवारी पत्र दिलं. चर उघडा आहे, रात्री बॅरिकेड आणि दिवा ठेवायला ठेकेदाराला सांगितलं आहे. पुढची माहिती शुक्रवारी, काम हललं नाही तरी."

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट शेवटचे चार शब्द आहेत. काम हललं की सगळेच पोस्ट टाकतात. न हललेल्या कामाची शुक्रवारी आठवण ठेवणारा नगरसेवक असेल, तर लोक दोन महिन्यांची गैरसोयही समजून घेतात. आणि विभागावरही दबाव राहतो, कारण कोणत्या टेबलावर किती दिवस गेले, हे अख्ख्या गल्लीला माहीत असतं.

काँक्रीटच्या रस्त्यांबद्दल वेगळं सांगावं लागेल. काम झाल्यासारखं दिसतं, तरी बॅरिकेड हलत नाहीत आणि लोक म्हणतात, साहेबांच्या उद्घाटनासाठी थांबलेत. काँक्रीट ओतल्यावर ते पाणी मारून, ओली पोती टाकून किंवा मातीची आळी करून पाणी साठवून ओलं ठेवावं लागतं. त्याची ताकद २८ दिवसांच्या हिशोबाने धरतात. त्याआधी जड वाहनं सोडली किंवा पाणी मारण्यात हयगय झाली, तर वरचा थर भुकटी होऊन उडतो आणि भेगा पडतात. त्यामुळे रस्ता कधी खुला होणार, ती तारीख ज्या दिवशी काँक्रीट ओतलं त्याच दिवशी सांगून टाका. लोकांच्या रेट्यामुळे दहाव्या दिवशी बॅरिकेड काढणारा नगरसेवक आठवडाभर लोकप्रिय होतो आणि पुढची कित्येक वर्षं तो रस्ता लोकांना छळतो.

त्याहून महत्त्वाची सूचना काँक्रीटच्या आधीची आहे, आणि ती जवळपास कुणीच देत नाही. "या गल्लीचं काँक्रीटीकरण अमुक तारखेला सुरू होणार. ज्यांना नवीन नळजोड, ड्रेनेज कनेक्शन किंवा केबल घ्यायची असेल, त्यांनी त्याआधी अर्ज करून काम उरकून घ्यावं." हे किमान दीड-दोन महिने आधी जायला हवं, कारण नळजोडाच्या परवानगीलाच वेळ लागतो. ही सूचना गेली नाही की नवा रस्ता तीन महिन्यांत कटरने कापला जातो. बुजवलेला चर पहिल्या पावसात खचतो, आणि तिथून सगळा रस्ता बिघडत जातो. क्रम ठरलेला आहे: आधी ड्रेनेज, मग पाणी, मग केबलचे डक्ट आणि सगळ्यात शेवटी रस्ता. विभाग वेगवेगळे असल्याने तो मोडतो. चारही विभागांच्या कामाच्या तारखा एकत्र दिसतील अशी जागा म्हणजे नगरसेवकाचं कार्यालय.

पाणी बंदच्या सूचनेत एक साधी चूक रोज होते. "उद्या पाणीपुरवठा बंद राहील" असं लिहिलं जातं. हा मेसेज पुढे पुढे जात तीन दिवस फिरतो आणि प्रत्येकाचा "उद्या" वेगळा होतो. वार, तारीख, किती ते किती, आणि कोणत्या टाकीवरचा भाग, एवढं तरी हवंच. शिवाय दुसऱ्या दिवसाचंही सांगा. पाणी सुरू झालं तरी रिकाम्या झालेल्या लाइन आधी भरतात, सखल भागाला आधी मिळतं, उंचावरच्या आणि लाइनच्या टोकाच्या घरांना उशिरा आणि कमी दाबाने. प्रवाह परत सुरू होताना लाइनमधला गाळ हलतो, म्हणून सुरुवातीचं पाणी गढूळ येतं. ते थोडा वेळ सोडून द्यावं लागतं. एवढी चार वाक्यं आदल्या दिवशी गेली तर दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉल्व्हमनला येणारे निम्मे फोन वाचतील. सोसायटीला गच्चीवरची टाकी असते, वस्तीत मात्र दोन ड्रम आणि हंडे, त्यामुळे वस्तीला ही सूचना सगळ्यात आधी गेली पाहिजे. तिथे मंडळाच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं व्हॉट्सअ‍ॅपपेक्षा जास्त वाचलं जातं.

व्हॉट्सअ‍ॅपचंही नीट समजून घ्यायला हवं. ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात आणि सुप्रभातच्या फुलांखाली पाण्याची सूचना दडून जाते. ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांची, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला मेसेज पोहोचतच नाही. पाठवणाऱ्याला वाटतं सगळ्यांना गेलं. सूचनांसाठी चॅनल बरं. एकाच बाजूने माहिती जाते, कुणाचा नंबर इतरांना दिसत नाही, आणि नंतर आलेल्यालाही आधीच्या सूचना वर सरकवून वाचता येतात. तक्रारी मात्र चॅनलवर किंवा ग्रुपवर घेऊच नका. अनधिकृत बांधकामाची तक्रार करणाऱ्याचं नाव-नंबर तसंच पुढे ढकललं जातं आणि शेजाऱ्या-शेजाऱ्यांत कायमचं वैर होतं. ही चूक निव्वळ निष्काळजीपणाची आहे आणि तिला माफी नसावी.

तक्रारीबद्दल आणखी एक. नगरसेवकाने थेट अभियंत्याला फोन केला की चेंबर तासाभरात उपसलं जातं, खरं आहे. पण त्याची नोंद कुठेच होत नाही. वर्षात बारा वेळा तुंबलेलं चेंबर कागदावर निर्दोष राहतं, आणि लाइन बदलायचा प्रस्ताव गेला की वरून विचारणा होते, तक्रारी कुठे आहेत? फोन जरूर करा, पण आधी महापालिकेच्या तक्रार प्रणालीत नोंद करून घ्या आणि तो क्रमांक नागरिकाला द्या. काम न करता तक्रार बंद केली गेली, तर त्याच क्रमांकावर पुन्हा उघडता येते का, तेही कार्यालयातल्या मुलांना माहीत हवं.

मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक आहे, २२७ प्रभाग आणि २२७ नगरसेवक. बाकी महापालिकांत एका प्रभागात साधारण चार जण असतात. चौघांचे चार ग्रुप, एकाच रस्त्याचं चार जणांकडून श्रेय, आणि रस्ता खचला की चौघंही दुसऱ्याकडे बोट दाखवणार. पक्ष वेगळे असतील, मान्य. तरी प्रभागातल्या चालू कामांची यादी एकच ठेवायला काय हरकत आहे? आणि जे काम महापालिकेचं नाहीच, वीज महावितरणची किंवा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, तिथे "पाठपुरावा चालू आहे" असं मोघम लिहिण्यापेक्षा ते कोणत्या कार्यालयाचं आहे एवढं सांगितलं तरी नागरिकाचे दोन हेलपाटे वाचतात.

आता एक असा विषय, ज्यावर बहुतेक नगरसेवक गप्प असतात. विकास आराखड्यातलं आरक्षण बदलणं. खेळाच्या मैदानाची किंवा दवाखान्याची जागा दुसऱ्याच वापरासाठी द्यायची असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली प्रस्ताव येतो, मुख्य सभेत मतदान होतं आणि हरकतींसाठी एक महिन्याची नोटीस निघते. ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टायपात येते, सर्व्हे नंबरांच्या भाषेत. सर्व्हे नंबर वाचून आपल्या घरामागचं मैदान कोण ओळखणार? नगरसेवकाने त्या सभेत मत दिलेलं असतं, म्हणजे त्याला माहीत असतंच. नोटिशीचा फोटो, जागा कुठली ते साध्या भाषेत, हरकत कुठे आणि कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, आणि आपण मत कुणीकडे दिलं. पेव्हर ब्लॉक उखडला तर परत बसवता येतो, मैदान गेलं की गेलं.

नगरसेवक सांगत नसेल तर नागरिकानेही हात जोडून बसू नये. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ प्रमाणे अंदाजपत्रक आणि खर्चाची माहिती कुणी न मागता जाहीर करणं हे महापालिकेचंच कर्तव्य आहे. राज्य शासनाने २०१८ मध्ये काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत महापालिकांच्या कार्यालयांत अभिलेख पाहता येतात. कामाच्या मोजमाप पुस्तकाची पानं तिथेच पाहा. अर्ज करायचा तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत, आणि उत्तराला ३० दिवस. "काम का झालं नाही" असं विचारू नका, कारण कायद्याने कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. "या कामाच्या वर्क ऑर्डरची, मुदतवाढीच्या पत्रांची आणि अदा केलेल्या बिलांची प्रत द्यावी" असं मागा. मुदतवाढीच्या पत्रात कारण लिहिलेलंच असतं.

क्षेत्रसभेची तरतूदही महापालिका कायद्यात आहे, नगरसेवकाने मतदारांना बोलावून कामांचा हिशोब द्यावा म्हणून. ती पाळली जाताना दिसत नाही. नव्या सभागृहातल्या एखाद्याने तरी ती मनावर घ्यावी.

तोपर्यंत एक काम लगेच करता येईल. रस्ता झाल्यावर ठेकेदाराकडे काही वर्षांचा दोष दायित्व कालावधी असतो. त्या काळात पडलेला खड्डा त्याने स्वतःच्या खर्चाने बुजवायचा असतो. पण कोणता रस्ता अजून त्या मुदतीत आहे हे लोकांना ठाऊक नसतं, त्यामुळे तोच खड्डा महापालिकेच्या पैशाने बुजतो. पथ विभागाकडून प्रभागाची यादी घ्या: रस्त्याचं नाव, ठेकेदार, दायित्व संपण्याची तारीख. ज्यांची मुदत येत्या पावसाळ्याच्या आसपास संपतेय ते रस्ते सगळ्यात वर घ्या, मे महिन्यात एकदा फिरून त्यांचे फोटो तारखेसकट काढा, ठेकेदाराला लेखी नोटीस द्यायला लावा आणि यादी फळ्यावर चिकटवा.