पाण्यात उसवेल म्हणे!

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी होणार आहे.

माझ्या मावशीने स्वतःच्या हाताने स्विमसूट शिवला. तो घालून ती पोहायला गेली, तर कपडे बदलायच्या खोलीत एका बाईंनी त्याची कड चिमटीत धरली आणि विचारलं, "घरी शिवलाय का? पाण्यात उसवला तर?" मावशी काही बोलली नाही. पोहून आली, सूट न पिळता दाबून पाणी काढलं, वाळत घातला आणि मला फोन केला, "अगं, विकतचाच घेते परत." एका प्रश्नावर! तो सूट मी आतून-बाहेरून पाहिलाय. कुठेही टाका सुटलेला नाही, कड लाटांसारखी झालेली नाही. पण बाईने भीती घातली आणि ही घाबरली.

आधी ते उसवणंच घेऊ. शिवण पाण्याने उसवत नाही, ताणाने उसवते. लायक्राचं कापड दीडपट ताणलं जातं आणि साधी सरळ टीप तेवढी ताणली जात नाही, म्हणून दोरा तुटतो. हे पाण्यात जाऊन कळायची गरज नाही, टेबलावरच कळतं. कापडाच्या तुकड्यावर 20 सेंटिमीटरची शिवण घाला आणि दोन्ही हातांनी 30 होईपर्यंत ओढा. सरळ टीप असेल तर टचटच आवाज येतो, तो तुटणाऱ्या दोऱ्याचा. आता त्याच तुकड्यावर झिगझॅग लावा, रुंदी अर्धा ते एक मिलिमीटर आणि लांबी अडीच, आणि परत ओढा. आवाज येणार नाही. वरून बघाल तर टीप जवळजवळ सरळच दिसते, पण त्या बारीक नागमोडीत दोरा शिल्लक असतो आणि तोच ताणाला पुरतो. मावशीच्या बाजूच्या शिवणी अशाच आहेत. त्या बाईंनी कड चिमटीत धरली तशी शिवण ओढून बघितली असती तर उत्तर तिथेच मिळालं असतं.

दोरा पॉलिएस्टरचाच घ्यायचा. सुती दोऱ्याला ताण नसतो आणि क्लोरीनच्या पाण्यात तो कुजतो.

मग सुई. "माझ्या मशीनला लायक्रा चालत नाही" असं म्हणणाऱ्या दहापैकी नऊ जणींच्या मशीनला नेहमीची सुई लावलेली असते. सुई खाली जाऊन किंचित वर आली की तिच्या मागे दोऱ्याचा एक फास तयार होतो, खालच्या हुकचं टोक तो फास पकडतं आणि टाका पडतो. लवचीक कापड सुईला चिकटून तिच्याबरोबर वर उचललं जातं, फास तयारच होत नाही, हुक रिकामा फिरतो आणि टाका सुटतो. स्ट्रेच सुईचं टोक गोलसर असतं, ते धागे न तोडता त्यांच्या मधून जातं. आणि डोळ्याच्या मागे खोल खाच असते, त्यामुळे हुक दोऱ्याच्या अगदी जवळून जातो. नंबर 75/11 घ्या. कापड जाड असेल तर 90/14. एवढीशी सुई बदलायची असते, आणि लोक मशीन बदलायला निघतात! बॉलपॉइंट सुई टी-शर्टच्या होजिअरीला चालते, पण लायक्रा जास्त असलेल्या कापडाला स्ट्रेचच लावा.

कापडाची परीक्षाही हातानेच होते. घडी घालून 10 सेंटिमीटर मोजा आणि ओढा. 15 पर्यंत सहज गेलं तर ताण 50 टक्के. सोडल्यावर परत 10 वर आलं पाहिजे. साडेदहावर थांबलं तर ते कापड अंगावर सैल पडणार, कितीही सुंदर असो, घेऊ नका. ताण आडवा-उभा दोन्हीकडे हवा. जास्त ताणाची बाजू शरीराभोवती आडवी यायला हवी. फिका रंग असेल तर तुकडा ओला करून तळहातावर ताणून धरा. हाताच्या रेषा दिसल्या तर अंगही दिसणार, मग पूर्ण अस्तर लावा. 150 सेंटिमीटर पन्ह्याचं एक मीटर कापड बहुतेकींना पुरतं. लांब बाह्यांचा किंवा मांडीपर्यंतचा सूट असेल तर दीड ते दोन मीटर. इलास्टिक साधारण तीन मीटर लागतं.

आता माप. इथे मी थांबून लिहिणार आहे, कारण सगळ्या दुःखाचं मूळ इथे आहे.

छाती, कंबर, सीट ही तीन मापं सगळ्या घेतात. चौथं कुणी घेत नाही. टेपचं टोक खांद्याच्या मध्यावर धरा, छातीवरून खाली आणा, दोन पायांच्या मधून मागे न्या आणि पाठीवरून त्याच खांद्यावर परत आणा. हा धडाचा पूर्ण वळसा. उंची सारखी असलेल्या दोघींच्या वळशात सहज सात-आठ सेंटिमीटरचा फरक असू शकतो. मावशीचं धड लांब आहे. तयार सूट छातीला, सीटला बरोब्बर बसतो आणि खांद्यावर वळ उठतात, खालून काचतो. वर्षानुवर्षं ती समजत आली की आपण जाड झालोय. जाडीचा काही संबंध नाही! वळसा आखूड पडत होता. मोठा नंबर घेतला तर छातीला ढगळ होतो, पट्टे लांबवले तर गळा खाली उतरतो आणि कंबर चुकीच्या जागी येते. उपाय पॅटर्नवरच, म्हणजे कापण्याच्या कागदी नमुन्यावरच करायचा. समजा पॅटर्न 155 च्या वळशासाठी आहे आणि तुमचा वळसा 165 आहे. फरक 10 चा. पुढचा भाग कंबरेच्या रेषेवर आडवा कापा आणि 5 सेंटिमीटर उघडा. मागचाही तसाच 5. खाली कागद चिकटवा आणि बाजूच्या रेषा हाताने जोडून घ्या. वळसा आखूड असेल तर तेवढंच दुमडा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि या पाच मिनिटांसाठी बायका आयुष्यभर स्वतःच्या शरीराला दोष देतात. मला याचा खरंच संताप येतो.

सूट अंगापेक्षा लहानच बेतायचा असतो. ब्लाउजला आपण सैलपणा धरतो, इथे उलट. सीट 100 असेल तर कापड 90 च्या आसपास. उभ्या मापात एवढं कमी करायचं नाही, पाचेक टक्के पुरे. कोरडा असताना नीट बसलेला सूट ओला झाल्यावर किंचित सैल होतो, म्हणून कोरडा असताना "जरा घट्ट आहे" असं वाटलं पाहिजे. आणि आधी मांजरपाटावर शिवून बघू म्हणाल तर उपयोग नाही, त्याला ताण नाही. चाचणीचा सूट त्याच ताणाच्या स्वस्त कापडावर शिवा.

कापताना कापड टेबलाच्या कडेवरून लोंबू देऊ नका, वजनाने ताणलं जातं आणि तुकडा आखूड निघतो. टाचण्यांनी भोकं पडतात, कागदावर वजनं ठेवा, जोडताना क्लिपा लावा. माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडायचं कापड, एक सेंटिमीटर पुरते. शिवायला सुरुवात अगदी कडेपासून केली तर कापड प्लेटच्या भोकात ओढलं जातं. कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत सुरू करा आणि दोन्ही दोरे मागे धरून ठेवा. तरीही गुंतत असेल तर खाली पातळ कागद ठेवा, नंतर फाडून काढता येतो. प्रेसर फूटचा, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाचा, दाब कमी करता येत असेल तर करा. शिवणी लाटांसारख्या होतात त्या बहुतेक वेळा या दाबामुळे, किंवा आपण मागून कापड ओढतो म्हणून.

इलास्टिकला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि तिथे गणित सरळ आहे. नाडीसारखं कंबरपट्ट्यात ओवायचं नेहमीचं इलास्टिक नको, क्लोरीनमध्ये त्याचा जीव लवकर जातो. स्विमवेअरसाठी रबराचं पट्टीसारखं इलास्टिक मिळतं, ते घ्या. मोठ्यांना 8 ते 10 मिलिमीटर रुंद, मुलांना 6. गळ्याला आणि मुंढ्याला कडेच्या मापापेक्षा पाच टक्के कमी. पायाची गोष्ट वेगळी. पायाची कड 60 सेंटिमीटर असेल तर इलास्टिक 54, जोडासाठी एक जास्त. पण हे 54 सगळीकडे सारखं वाटायचं नाही! पुढच्या 28 ला इलास्टिकही 28 च, अजिबात न ओढता. मागच्या 32 ला उरलेलं 26, ओढून. पुढे ओढलं तर जांघेत काचतं, मागे सैल सोडलं तर सूट वर सरकतो आणि बाई पाण्यातून बाहेर येताच तो ओढत बसते. मावशीने हे पहिल्याच सूटला बरोब्बर केलं. मागची कड अंगाला अशी बसलीय की पोहून आल्यावरही जागची हललेली नाही.

शिवायचं असं: इलास्टिक कापडाच्या उलट्या बाजूला, कडेला कड लावून, 3 मिलिमीटर रुंद 3 मिलिमीटर लांब झिगझॅगने. ओढायचं ते इलास्टिक, कापड नाही. मग इलास्टिकच्या रुंदीएवढी आत दुमड आणि सुलट्या बाजूने परत तसाच झिगझॅग. कड फडफडली तर इलास्टिक सैल लागलंय, चुण्या पडल्या तर जास्त ओढलंय. उसवा आणि परत लावा. कापडाला काही होत नाही.

अस्तराचा ताण वरच्या कापडाएवढाच हवा, कमी असेल तर सगळा सूट अस्तराच्या मापाचा होतो. निदान पुढच्या भागाला आणि दोन पायांच्या मधल्या तुकड्याला लावाच. इलास्टिक लावण्याआधी अस्तर आणि वरचं कापड कडेने लांब झिगझॅगने एकत्र करून घ्या, नाहीतर अस्तर सरकतं. छातीला आधार हवा असेल तर अस्तराखाली पॉवरनेटचा (घट्ट ताणाच्या जाळीचा) थर आणि छातीच्या खाली एक इलास्टिकची पट्टी.

ओव्हरलॉक मशीन असेल तर काम भराभर होतं, मान्य. आणि ज्यांच्याकडे फक्त सरळ टीप मारणारं काळं मशीन आहे त्यांना इलास्टिकच्या कडा त्यावर नीट जमणार नाहीत, हेही मान्य. बाजूच्या शिवणी मात्र त्यावरही होतात. वरचा ताण सैल करा, टाक्याची लांबी तीन मिलिमीटर ठेवा, कापड पुढून-मागून हलकं ताणत टीप मारा आणि तिच्या शेजारी दुसरी. ताणून बघा, तुटली तर आणखी ताणून मारा. स्पर्धेत उतरायचा सूट घरी शिवू नका, तिथे मान्यता मिळालेलेच सूट चालतात. झालं, एवढंच मान्य करते.

"घरी शिवलेलं दिसतं" हे वाक्य मी टी-शर्टबद्दल ऐकलंय, लेगिंगबद्दल ऐकलंय, साध्या झग्याबद्दलही ऐकलंय. काय दिसतं नक्की? गळा उभा राहतो, कारण गळपट्टी कडेएवढी लांब कापलेली असते. ती 80 ते 85 टक्के ठेवा, गळा बसतो. लेगिंगच्या गुडघ्याला फुगा येतो, कारण कापड परत जागेवर येणारं नाही, ते दुकानातल्या लेगिंगलाही होतं. जुळ्या सुईच्या टिपांमध्ये उंचवटा येतो, बॉबिनचा ताण थोडा सैल केला की जातो. प्रत्येक "घरगुती" खुणेमागे एक कारण आहे आणि प्रत्येक कारणाला एक उपाय आहे. तो न सांगता नुसतं नाक मुरडणाऱ्यांनी किती जणींची मशीनं बंद पाडली असतील!

आणि विकतचं तेवढं पक्कं, घरचं तेवढं कच्चं, हे आलं कुठून? स्पॅन्डेक्सचा, म्हणजे आपल्या लायक्राचा, धागाच मुळी ड्यूपाँटच्या जोसेफ शिव्हर्स यांनी 1958 मध्ये तयार केला. त्याआधी लोक लोकरीचे सूट घालूनही पोहत होते, जे ओले झाले की जड होऊन खाली लोंबायचे. आज आपल्या हातात त्याहून कितीतरी चांगलं कापड आहे. त्या बाईंचा राग आता थोडा उतरलाय माझा. त्यांनाही कधीतरी कुणीतरी असंच घाबरवलं असणार. मावशीला मात्र मी फोनवर सांगितलंय की दुसरा सूट बेतायला घे, या वेळी पाठ बंद ठेव, खांदे रुंद ठेव, तुला हवा तसा.

शिवलेला सूट टिकवायचा तर पाण्यात उतरण्याआधी साध्या पाण्याने भिजवून घ्या, ओलं कापड क्लोरीनचं पाणी कमी शोषतं. बाहेर आल्यावर लगेच गार पाण्यात खळबळा. गरम पाणी नको, ब्लीच नको, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत वाळवा. रोज पोहणार असाल तर नायलॉन-लायक्रापेक्षा पॉलिएस्टर आणि पीबीटीचं (पॉलिएस्टरचाच एक ताणला जाणारा प्रकार) कापड घ्या, क्लोरीनमध्ये ते कितीतरी जास्त टिकतं. कापड ताणल्यावर आतला बारीक पांढरा धागा केसासारखा वर येताना दिसला की स्पॅन्डेक्स तुटायला लागलंय असं समजा. तो सूट शिवणी उसवून पॅटर्न म्हणून वापरा, पण जुनं कापड ताणलेलं असतं म्हणून तुमचा वळसा पुन्हा मोजून पडताळून घ्या.

ज्यांना पॅटर्न वाढवताना अडतंय त्यांनी खाली धडाचा वळसा, सीट आणि कापडाचा ताण टक्क्यांत लिहा. रात्री बसून एकेकीला किती उघडायचं ते सांगते.